बापूची कॉफी आणि नाना मिस्त्रीची मोटर

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. ड्रिपच्या फिल्टरमध्ये गाळ साठतो तसे. आपण आपलं पाणी सोडत राहतो, पिकाला पाणी मिळत राहतं, आणि एक दिवस झाकण उघडावं तर आत शेवाळ, शंख, एखादी मासोळी, काय वाटेल ते निघतं. बारामतीत माझं ड्रिप आणि पाइपचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षांत आमच्या फिल्टरमध्ये एवढं काही साठलंय की सांगत बसलो तर दुकान बंद ठेवावं लागेल. म्हणून आज फक्त वरचा थर काढतो. तो कॉफीचा आहे.

यात माणसं मोजकीच. एक मी, मला सगळे आण्णा म्हणतात. दुसरा बापू, माझ्याकडं बारा वर्षं फिटर आहे, राहायला कन्हेरीला. घरी दोन एकर ऊस, एक म्हैस, आई आणि वडील. वडिलांना गाव तात्या म्हणतं. तिसरा नाना मिस्त्री, शेजारच्या गाळ्यात पाण्याच्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देतो. नानाला जगातली कुठलीही वस्तू दाखवा, तो तिच्यात मोटर कुठं बसलीय ते शोधतो.

आणि बापूचं वय तेहेतीस. लग्न नाही. पोरगं सोन्यासारखं, सुपारीचंही व्यसन नाही, पण चौदा स्थळांनी एकच निरोप पाठवला होता: मुलगा चांगला आहे, पण शेतीवाला आहे. चौदाव्या निरोपानंतर बापूनं केसाला तेल लावणं सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि म्हणून मी त्याला जास्तच चिडवायचो.

*

दिवाळीनंतर इंदापूरकडचे एक डाळिंबवाले दुकानात आले. बरोबर त्यांची मुलगी आरती, तिकडंच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. बापू सवयीनं त्यांना ताशी चार लिटर पाणी सोडणारे ड्रिपर दाखवत होता.

"आमची जमीन भारी आहे," मुलगी म्हणाली. "चार लिटरनं पाणी साचून राहील. दोनचे द्या."

बारा वर्षांत बापूला गिऱ्हाइकानं असं कधी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवलं ते बरोबर होतं. त्यानं मुकाट्यानं दोन लिटरचे ड्रिपर बांधून दिले, गाडीत ठेवून आला, आणि नंतर अर्धा तास गोडाऊनमध्ये पाइपाच्या वेटोळ्यावर बसून राहिला. मी ओळखलं, गडी गेला.

मग शब्द मी टाकला. मुलीच्या वडिलांना फोन केला, मुलगा कसा आहे ते सांगितलं, शेती आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यात पोरगी सांगंल ते. दोघं फोनवर बोलू द्या आधी."

बोलले. बापूला काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्यानं विचारलं, "तुमी चहा किती टायमाला घेता?"

"मी कॉफी घेते," आरती म्हणाली. "गॅसवरच्या मोका पॉटमधली, कोरी आणि घट्ट. पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा सवय लागली. संक्रांत झाली की आम्ही तुमच्याकडं येऊ. पोहे वगैरे काही नको. तुम्ही कॉफी करा. ती पिऊन सांगते."

म्हणजे पंधराव्या स्थळाचा निकाल एका कपावर आला होता. बापूनं फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद मी बारा वर्षांत पाहिला नव्हता.

"आण्णा," तो म्हणाला, "सगळं जमलंय. फक्त मोका पॉट म्हंजे काय ते सांगा."

*

भांडं कुरिअरनं दुकानाच्या पत्त्यावर आलं. काउंटरवर उघडलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: अॅल्युमिनियमची आठ बाजूंची छोटी किटली. तिचे दोन भाग पेच फिरवून एकमेकांवर बसतात. खालच्या भागात पाणी, मध्ये जाळीच्या नरसाळ्यात कॉफीची पूड, वरचा भाग रिकामा. खाली आच दिली की वाफ पाण्याला ढकलते, पाणी पुडीतून वर चढतं, आणि वरच्या भागात कॉफी होऊन जमतं.

मला हे समजायला मोबाइलवरचा व्हिडिओ तीनदा बघावा लागला. नाना मिस्त्रीनं भांडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आत फुंकर मारली आणि दहा सेकंदात निकाल दिला.

"लिफ्ट इरिगेशन हाय. ही खाली विहीर, ही वर टाकी, मधी फिल्टर. हा बारका एअर वॉल्व. चांगलं बनवलंय, पण मोटर भरल्याबिगर पाणी उचलायचं न्हाय."

आता ज्यांच्याकडं विहिरीवर मोटर आहे त्यांना माहीत आहे, पाणी खाली उतरलेलं असलं की मोटर नुसती फिरते. आधी वरून बादलीभर पाणी ओतून तिचं पोट भरावं लागतं, मग ती पाणी धरते. आम्हाला तिघांनाही ते एवढं पटलं की व्हिडिओवाल्याचं कुणी ऐकलं नाही. बापूनं खाली पाणी भरलं, मध्ये पूड भरली, आणि नानानं वरच्या टाकीत तांब्यानं पाणी ओतून मोटर भरली.

दुकानातल्या शेगडीवर चढवलं. पाच मिनिटांनी कडेनं तपकिरी पाणी वाहायला लागलं, शेगडी विझली, आणि जे उरलं ते कॉफी धुतलेलं पाणी होतं. तिघांनी एकेक घोट घेतला.

बापू काळजीनं म्हणाला, "फिकी झाली."

नानाला मात्र वेगळाच अभिमान. "चवीचं मला सांगू नगंस. पाणी वर चढलं का न्हाय तेवढं बोल."

*

मोटर भरायचं सोडलं तेव्हा पुढचा आजार निघाला. पेचातून वाफ बाहेर यायला लागली. पाणी वर चढायच्या ऐवजी सगळी हवा कडेनं फिस्स. खरं कारण इतकंच होतं की बापू भांडं गरम असताना नीट आवळायचा नाही. पण गळती ही नानाच्या खात्यातली गोष्ट. त्याच्यासमोर गळती झाली आणि त्यानं ती आवळून सोडून दिली, असं होत नाही.

त्यानं मूळचा पांढरा रबर काढून टाकला. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं गोल कापून नवीन वायसर केला. वर पेचाला पाइपाला गुंडाळतात ती पांढरी टेप सात वेढे गुंडाळली. मग पान्यानं आवळलं. भांडं किचनचं आहे, त्याला पाना लावतात का, असं मी विचारलं. नाना म्हणाला, "हातानं आवळलेल्याची ग्यारंटी आमी लिहून देत न्हाय."

कॉफी झाली. एक थेंब बाहेर आला नाही. बापूनं कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मी वास घेतला. भर उन्हाळ्यात रस्त्याकडेला टायर फुटल्यावर जो वास येतो, तोच.

"नाना, रबराचा वास येतोय," बापू म्हणाला.

"वास येऊ दे. लीकेज हाय का?"

लीकेज नव्हतं. ते भांडं उघडायला दोन पाने आणि तीन माणसं लागली.

*

मग पुडीचा घोळ. पहिल्यांदा वाण्याकडून पुडीतली कॉफी आणली होती, ती दुधात विरघळणारी. ती जाळीतून सगळीच्या सगळी वर गेली, मागं चोथाच नाही. बापूला वाटलं, फिल्टर फाटला. शेवटी माझ्या मेहुणीनं पुण्याहून भाजलेल्या बिया पाठवल्या. त्या घरी दळायच्या, आणि दळताना रव्यासारख्या ठेवायच्या, पिठासारख्या नाहीत, असं तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं.

बापूनं घरच्या मिक्सरमध्ये बिया घातल्या. त्याआधी तासभर त्याच भांड्यात त्याच्या आईनं वर्षाचं काळं तिखट फिरवलं होतं. आईनं भांडं पुसलं होतं. पण काळं तिखट पुसून जात नाही, हे ज्या घरात ते होतं त्या घराला ठाऊक असतं.

कॉफी चढली. वासच असा सुटला की गोठ्यातली म्हैस शिंकली. बापूनं एक घोट घेतला आणि त्याचे कान लाल झाले. आईनं घेतलीच नाही. बापू कप मोरीत ओतणार, तेवढ्यात ओसरीवरून तात्यांनी हात पुढं केला. आठवडाभर पोरगा काय करतोय हे ते बघत होते, त्यांना त्याची दया आली असावी.

तात्या सावकाश प्यायले. ओठावरून जीभ फिरवली.

"ही जमली," ते म्हणाले. "आता ह्याच्यात चुरायला एक भाकरी द्या."

*

हा किस्सा बापूच्या आईनं मला स्वतः सांगितला, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या.

मोका पॉटला साबण लावायचा नसतो म्हणे. नुसत्या पाण्यानं विसळायचं, आत कॉफीचा एक पातळ थर चढू द्यायचा, मग चव येते. बापूनं हे आईला समजावून सांगितलं. ज्या बाईच्या मांडणीवरच्या पातेल्यात बघून गावातल्या बायका कुंकू लावतील, तिला सांगितलं की भांडं घासू नको.

"कालचं खरकटं भांडं सुनंच्या माणसांपुढं ठिवू?" आई म्हणाली. "आधीच पोरी मिळंनात."

बापू दुकानात आला की आई भांडं चिंच आणि राख लावून घासायची. संध्याकाळी भांडं आरशासारखं, आणि कॉफीला पत्र्याची चव. असं चार दिवस झालं. शेवटी बापूनं भांडं लपवलं. कुठं, तर विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत. पहाटे पाणी सोडायला जायचा तेव्हा तिथंच छोट्या गॅसवर तालीम करायचा.

एक दिवस आई वैरणीला तिकडं गेली. पेटी अर्धी उघडी. आत गॅस, काळपट झालेलं भांडं, तळाशी चिकट काळं काहीतरी, आणि कडवट वास. तेहेतीस वर्षांचा मुलगा, लग्न ठरत नाही, पहाटे एकटा विहिरीवर जातो. बाईनं तिथंच बांधावर बसकण मारली आणि मला फोन लावला.

"आण्णा, पोरगं हातभट्टी लावतंय हो."

मी हसू दाबत म्हटलं, "मावशी, ती कॉफी आहे. आरतीसाठी शिकतोय तो."

 मग त्या म्हणाल्या, "मग चोरून कशापाई करतोय? करायचीच हाय तर घरात कर म्हणावं. मी न्हाय घासत." आणि खरंच, त्यांनी त्यानंतर भांड्याला हात लावला नाही. फक्त बाहेरून घासायच्या. बाहेरून तरी चमकलं पाहिजे ना.

*

एक अगदी छोटा. कॉफी मचूळ लागते अशी बापूला शंका आली. दुकानात पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मशीन असतं, ते त्यानं आधी विहिरीच्या पाण्यात बुडवलं, मग सरळ कॉफीत. नाना मिस्त्रीनं आकडा वाचला आणि चष्मा काढून बापूकडं बघितलं.

"ह्या पाण्यावर ऊस पिवळा पडंल. माणसाच्या लेकराला कशाला पाजतोय?"

दुसऱ्या दिवसापासून बापू जारचं पाणी आणायला लागला.

*

आता तात्यांचा किस्सा. यात चूक कुणाचीच नाही, हे आधीच सांगतो.

आमच्याकडं पाहुण्याला बिनदुधाचा चहा देत नाहीत. घरात म्हैस असताना तर नाहीच. कोरा चहा फक्त एकाच वेळी मिळतो, मयत झालेल्या घरी. तिथं माणसं गुपचूप बसतात, कोरा चहा घेतात, आणि न बोलता उठतात.

त्या दिवशी कन्हेरीला बापूच्या घरी भावकीतले दोघं जण पाण्याची पाळी ठरवायला आले. योगायोग बघा. तात्या नवी कवळी बसवून घ्यायला बारामतीला आले होते, त्यामुळं ओसरीवरची त्यांची बाज रिकामी. बापूनं आदल्या दिवशीच मिशी काढली होती, कारण शिकलेल्या मुलींना मिशी आवडत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडं तरण्या गड्याची मिशी अशी अचानक गेली की लोक आधी घरात डोकावतात. बापूच्या आईला कॉफीचा वास सोसत नसे, म्हणून ती चुलीपाशी नाकाडोळ्यांना पदर लावून बसलेली. आणि बापूनं तालीम म्हणून त्या दोघांपुढं कोरी कॉफी ठेवली.

दोघांनी बाजेकडं बघितलं, बापूच्या ओठाकडं बघितलं, पदराकडं बघितलं आणि कपात बघितलं. मुकाट्यानं कॉफी संपवली. पाण्याच्या पाळीचा विषयसुद्धा काढला नाही. जाताना एकानं बापूच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर सोडू नगंस," तो म्हणाला. बापूला वाटलं, लग्नाचं म्हणतोय. त्याचे डोळे भरून आले. तेही त्यांनी बघितलं.

तासाभरात फोन सुप्याला गेला. सुप्याला तात्यांची थोरली बहीण असते, तिला सगळे आक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं. आक्का मिळेल त्या गाडीनं निघाली. तोवर तात्या कवळी बसवून घरी येऊन बाजेवर बसले होते.

आक्कानं फाटकापासूनच हंबरडा फोडला. डोळे पदरानं झाकलेले, नातवानं दंडाला धरलेलं. ओसरीवर आली आणि समोर जे माणूस होतं त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. तात्यांना काही कळेना. पण बहीण एवढी रडतेय म्हणजे माहेरचं कुणीतरी गेलं असणार. विचारायचं कसं? तेही रडायला लागले. बापूची आई बाहेर आली, दोघांना रडताना बघून तीही बसली. शेजारच्या चार बायका आल्या. पाच-सात मिनिटं नुसतं रडणं.

शेवटी तात्यांना राहवेना. नवी कवळी सांभाळत त्यांनी विचारलं, "आक्का, पर गेलं कोण?"

आक्का हुंदके देत म्हणाली, "तूच की रं."

*

संक्रांत आठ दिवसांवर आली आणि बापूची कॉफी अजून कडूच होत होती. रबर मूळचा बसवला, पाणी जारचं, पूड रव्यासारखी, भांडं न घासलेलं, सगळं पुस्तकाबरहुकूम. तरी शेवटी जळकी, कडवट चव यायचीच. बापू जेवेना. एकदा मला म्हणाला, "आण्णा, चौदा जणींनी मला बघून न्हाय म्हटलं. तवा एवढं लागलं न्हाय. ही न्हाय म्हणली तर मात्र लागंल."  

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बापूनं भांडं शेगडीवर ठेवलं होतं. नाना मिस्त्री बाजूला बसून एका मोटरला तार भरत होता, त्याचं इकडं लक्षही नव्हतं. कॉफी वर चढायला लागली, मग भांड्यातून गुर्र, खळळ असा आवाज यायला लागला. बापू वाट बघत उभा होता, शेवटचा थेंब वर चढेपर्यंत. व्हिडिओत माणूस काय म्हणतो ते त्याला कधी धड कळलंच नव्हतं, तो इंग्लिशमध्ये बोलायचा.

नानानं मान वर न करता सांगितलं, "बंद कर. हवा ओढतीय."

"काय?"

"विहीर आटली. आवाज येत न्हाय का? पाणी संपलं की मोटर हवा ओढती, आन मग जळती. हवा ओढायच्या आदी बंद करायची असती, नंतर न्हाय."

बापूनं गॅस बंद केला, भांडं उचलून ओल्या फडक्यावर ठेवलं. कपात ओतली. मी प्यायलो. मला कॉफीतलं काही कळत नाही, मी जन्माचा चहावाला. पण कडवटपणा गेला होता आणि मागं काहीतरी चांगलं राहिलं होतं, एवढं मला कळलं. बापूनं दुसरा घोट घेतला आणि नानाच्या पाया पडला.

नाना तार ओढत म्हणाला, "माझ्या काय पाया पडतोय? कान उघडे ठिव."

*

आणि तो दिवस.

सकाळी मी आणि नाना कन्हेरीला पोचलो. बापूच्या आईनं अंगण सारवलं होतं. तात्यांना इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम दारासमोर बसवलं होतं, येणाऱ्याला पहिलं दर्शन त्यांचंच व्हावं म्हणून. बापूनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भांडं, पूड, जार, कप, सगळं त्यानं सहा वेळा मांडलं आणि सहा वेळा उचललं.

पाहुणे आले. आरती, तिचे वडील आणि आई. आरती दारात चप्पल काढून आत आली, तात्यांच्या पाया पडली, मग बापूच्या आईला म्हणाली, "नमस्कार काकू." बापूची आई म्हणाली, "या. बसा. ऊन लागलं का?" एवढंच.

बापू स्वयंपाकघरात. मी आणि नाना मागच्या बाजूला खिडकीखाली. आम्हाला आत बसायचं होतं, पण नाना म्हणाला, आवाज हितनंच नीट ऐकू येईल.

गॅस पेटला.  बाहेर मुलीचे वडील, आत बापू, खिडकीखाली आम्ही, सगळे एका अर्ध्या लिटरच्या भांड्याकडं कान लावून बसलो होतो. कॉफी चढायचा आवाज सुरू झाला. नानानं डोळे मिटले. हात वर केला. गुर्र व्हायच्या अगदी आधी त्यानं हात खाली आपटला, आणि त्याच क्षणी आत गॅस बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. नानानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते तो कबूल करणार नाही.

बापूनं चार छोटे कप ट्रेमध्ये ठेवले. कप बशीवर वाजत होते. एरवी बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी ट्रे घेऊन येते आणि मुलगा बसलेला असतो. इथं मुलगा ट्रे घेऊन चालत होता आणि मुलगी बसून बघत होती. आम्ही खिडकीखालून उठून दाराच्या फटीशी आलो.

आरतीच्या वडिलांनी काढा घेतात तसा कप एका दमात संपवला आणि डोळे मिटून घेतले. तिच्या आईनं ओठ लावून कप परत ठेवला. तात्यांनी दोन घोट घेतले, पण काळ्या तिखटाची नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह गेला.

आरतीनं कप हातात घेतला. वास घेतला. एक घोट घेतला, थांबली. दुसरा घेतला. बापू समोर उभा, ट्रे छातीशी धरून.  सावकाश, घोट घोट करत तिनं कप तळापर्यंत संपवला. मग बापूकडं बघितलं, त्याच्या भाजलेल्या बोटांकडं, नव्या ओठाकडं.

"मिशी होती ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"व्हती," बापू म्हणाला.

"ठेवा परत."

 मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला. "मग? काय म्हणतीस पोरी?"

आरती उठली, सगळे कप गोळा केले, बापूच्या हातातला ट्रे काढून घेतला. "अगं राहू दे, राहू दे," बापूची आई म्हणत होती, पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती. बापूची आई तिच्या मागून गेली. बापू तिथंच उभा, मान खाली. मी आणि नाना पुन्हा धावत खिडकीखाली.

आत कप मोरीत ठेवल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला. मग बापूच्या आईशी बोलताना आरतीचा आवाज आला, अगदी हळू.

"आई, जरा चहा टाका ना. मला एक, आणि ह्यांना एक."